सरकारी खर्चाचा वकील मिळतो, पण तो तयारीचा असतो का?

बांधावरून भांडण होतं. कुणाच्या तरी डोक्यात काठी बसते, आणि रात्री पोलिसांची गाडी वस्तीवर येते. दुसऱ्या दिवशी दुपारी पोराला तालुक्याच्या कोर्टात उभं केलं जातं. आई-बाप बाहेर व्हरांड्यात उभे. न्यायाधीश विचारतात, वकील आहे का? उत्तर येतं, नाही साहेब. मग विधी सेवा समितीच्या पॅनेलवरचा वकील दिला जातो. तो उभ्या उभ्या कागद चाळतो, आरोपीला नाव-गाव विचारतो आणि बोलायला उभा राहतो.

त्या पाच-दहा मिनिटांत पोलीस कोठडी मिळणार की न्यायालयीन कोठडी, हे ठरतं. पुढं जामीन कधी होणार याचाही पाया तिथंच पडतो. म्हणून फुकट वकील मिळाला की काम झालं असं नाही. त्या वकिलाला फौजदारी कामाचं शिक्षण आणि सराव कोणी दिला, हाही तितकाच मोठा प्रश्न आहे.

आधी एक गैरसमज

गावाकडं या वकिलाला सर्रास ‘सरकारी वकील’ म्हणतात. इथंच पहिली गफलत होते. सरकारी वकील हा सरकारच्या, म्हणजे पोलिसांनी दाखल केलेल्या खटल्याच्या बाजूनं उभा असतो. विधी सेवा प्राधिकरणानं दिलेला वकील आरोपीचा असतो. त्याची फी सरकार देतं, पण त्याचं इमान आरोपीशी असतं. ‘सरकारचाच माणूस, त्याला खरं कशाला सांगायचं’ असं समजून अनेक जण त्याच्यापासूनच गोष्टी लपवतात आणि स्वतःचंच नुकसान करून घेतात.

ही मदत म्हणजे मेहेरबानी नाही. 1976 च्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत कलम 39-अ आलं, त्यात मोफत कायदेशीर मदतीचं तत्त्व सांगितलं आहे. पुढं 1987 साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. त्याच्या कलम 12 प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. कोठडीतल्या माणसासाठी उत्पन्नाची अट नाही.

कोर्टानं काय काय सांगून ठेवलंय

या हक्काच्या इतिहासात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. 1978 साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टासमोर एक साधी पण धक्कादायक गोष्ट आली. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत तुरुंगात पोचली होती, पण कैद्याच्या हातात पडली नव्हती. अपिलाची मुदत निघून गेली. तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठानं सांगितलं, की निकालाची प्रत मोफत मिळणं आणि अपिलासाठी वकील मिळणं हा कैद्याचा हक्क आहे.

1980 साली बिहारच्या खत्री खटल्यात कोर्टानं म्हटलं, की आरोपीला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर आणलं तेव्हापासूनच हा हक्क लागू होतो. 1986 च्या सुक दास खटल्यात तर आरोपीनं वकील मागितला नव्हता तरी वकिलाशिवाय झालेली शिक्षा रद्द झाली. 2012 साली कसाबच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं मॅजिस्ट्रेटवरच जबाबदारी टाकली. आरोपीला पहिल्याच हजेरीत वकिलाच्या हक्काची माहिती द्यायची, आणि त्याची ऐपत नसेल तर सरकारी खर्चानं वकील द्यायचा.

पण यातून वकील ‘मिळण्याचा’ प्रश्न सुटला. वकील ‘तयार’ असण्याचा प्रश्न मागंच राहिला. तो किती जीवघेणा ठरू शकतो, हे आपल्या शेजारच्या जिल्ह्यानं दाखवलं.

खंडव्याचा धडा

जळगाव-बऱ्हाणपूर पट्ट्याला लागून मध्य प्रदेशात खंडवा जिल्हा आहे. 2013 साली तिथं एका तरुणावर लहान मुलीवर अत्याचार करून खून केल्याचा आरोप झाला. फेब्रुवारीत त्याला विधी सेवेचा वकील दिला गेला आणि त्याच दिवशी आरोप निश्चित झाले. दोन आठवड्यांच्या आत फाशीची शिक्षाही झाली. ना कागद वाचायला वेळ, ना आरोपीशी बसून बोलायला.

2019 च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं ही शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितलं. ‘अनोखीलाल निकाल’ म्हणून तो ओळखला जातो. जिथं जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते, तिथं मोफत मदतीसाठी किमान दहा वर्षं अनुभव असलेलाच वकील द्यावा आणि त्याला तयारीसाठी साधारण सात दिवस तरी मिळावेत, असं कोर्टानं ठरवून दिलं. आरोपीला भेटून चर्चा करायची मोकळीकही वकिलाला मिळाली पाहिजे, असंही सांगितलं.

गोष्ट तिथं संपली नाही. दुसऱ्यांदा खटला चालून 2022 साली पुन्हा फाशी झाली. डीएनए अहवालाच्या साक्षीच्या मुद्द्यावर उच्च न्यायालयानं प्रकरण परत पाठवलं. अखेर 2024 साली खंडव्याच्या कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. तोवर अकरा वर्षं गेली होती.

यात शिकण्यासारखं बरंच आहे. डीएनए अहवाल हातात आला तर त्यात काय बघायचं, नमुना कुणी घेतला, सील कुठं केलं, तज्ज्ञाला कोणते प्रश्न विचारायचे, हे नुसत्या एलएलबीच्या पदवीनं येत नाही. ते कुणीतरी शिकवावं लागतं.

पोलीस शिकतात, न्यायाधीश शिकतात, मग आरोपीचा वकील?

फौजदार होणाऱ्याला नाशिकच्या पोलीस अकादमीत प्रशिक्षण मिळतं. न्यायाधीशांसाठी भाईंदरजवळ उत्तनला न्यायिक अकादमी आहे. आरोपीच्या बाजूनं उभा राहणारा वकील मात्र बहुतेक वेळा एखाद्या सिनियरच्या हाताखाली, तारखा घेत घेत शिकतो. सिनियर चांगला भेटला तर ठीक, नाहीतर अशिलाच्या जिवावर शिकणं चालू.

कागदावर व्यवस्था आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2010 च्या नियमावलीच्या नावातच ‘मोफत आणि सक्षम’ सेवा असे शब्द आहेत. पॅनेलवर येण्यासाठी किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. वकिलाच्या कामावर नजर ठेवायला देखरेख समितीची तरतूद आहे. प्राधिकरणानं पॅनेल वकिलांसाठी प्रशिक्षणाचे पाठही तयार केले आहेत.

2022 पासून त्यात एक मोठा बदल आला, तो म्हणजे लोक अभिरक्षक कार्यालय. जिल्ह्याच्या ठिकाणी पगारावर, पूर्ण वेळ काम करणारे बचावाचे वकील नेमले जातात. त्यांना खाजगी केस घेता येत नाही. मुख्य लोक अभिरक्षकाला फौजदारी कामाचा किमान दहा वर्षांचा अनुभव आणि सत्र न्यायालयातले किमान 30 खटले चालवल्याची अट आहे. त्याच्या हाताखाली उप आणि सहायक लोक अभिरक्षक असतात. सहायक हे नव्या दमाचे वकील. त्यामुळं रोज सिनियरच्या शेजारी बसून शिकण्याची सोय आपोआप होते. खऱ्या अर्थानं प्रशिक्षण म्हणतात ते हेच.

पण हे कार्यालय जिल्ह्याला. पहिला रिमांड जिथं होतो ती तालुक्याची कोर्टं अनेक ठिकाणी अजून पॅनेल वकिलांवरच चालतात. त्यांना दर केसमागं ठरलेलं मानधन मिळतं आणि घर चालतं खाजगी कामावर. प्रशिक्षणाला जिल्ह्याला जायचं म्हणजे दिवस बुडतो. मग वर्षातून एखादं शिबिर, दीपप्रज्वलन, दोन भाषणं, जेवण आणि प्रमाणपत्र, एवढ्यावर भागवलं जाण्याचा धोका राहतो.

नव्या कायद्यांनी गरज वाढवली

1 जुलै 2024 पासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले. पिढ्यान्‌पिढ्या तोंडात बसलेलं ‘तीनशे दोन’ आता कलम 103 झालं, ‘चारशे वीस’ 318 मध्ये गेलं. आकडे पाठ करता येतील, पण कामाची पद्धतही बदलली आहे.

झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण करणं आता बंधनकारक आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं आहे. मोबाईल, सीसीटीव्हीच्या पुराव्याला ठरावीक प्रमाणपत्र लागतं. ते व्हिडिओ मागून घेणारा, ते बघून पंचनाम्याशी ताडून पाहणारा वकील नसेल, तर या तरतुदींचा आरोपीला काडीचा उपयोग नाही.

दोन उदाहरणं बघा.

पहिलं, तारीख मोजण्याचं. अटकेनंतर ठरावीक दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. जन्मठेप, फाशी किंवा दहा वर्षं व त्यावरच्या शिक्षेच्या गुन्ह्यात 90 दिवस, बाकीच्यात 60 दिवस. पण मुदत संपल्यावर वकिलानं अर्ज केलाच नाही आणि मधे दोषारोपपत्र दाखल झालं, तर हक्क गेला. 2017 साली सुप्रीम कोर्टानं असा जामीन तोंडी मागितला तरी चालतो, असं सांगितलं. हे माहीत असलेला वकील दिवस मोजत बसतो. माहीत नसलेला पुढची तारीख घेऊन घरी जातो.

दुसरं, निम्म्या शिक्षेचं. खटला न संपता कैद्यानं कमाल शिक्षेच्या निम्मा काळ तुरुंगात काढला असेल तर त्याला सोडण्याची तरतूद जुन्या कायद्यातही होती. नव्या कायद्याच्या कलम 479 नं पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला एक तृतीयांश काळ पुरेसा केला. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त खटले चालू असलेल्यांना हे लागू नाही. 1 जुलै 2024 च्या आधीच्या खटल्यांनाही याचा फायदा मिळेल, असं सुप्रीम कोर्टात स्पष्ट झालं आहे.

देशातल्या तुरुंगांत 2022 च्या अखेरीस 5,73,220 कैदी होते आणि त्यातले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे दर चारातले तीन. त्यांच्यावर गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. वकिलाच्या तयारीचा प्रश्न किती घरांचा आहे, ते या आकड्यावरून कळतं.

प्रशिक्षणात काय हवं

भाषणं नकोत, सराव हवा. रिमांडला काय बोलायचं, जामीन अर्ज कसा लिहायचा, उलटतपासणी कशी घ्यायची, हे अनुभवी वकिलांसमोर प्रत्यक्ष करून बघायला हवं. तुरुंगात जाऊन अशिलाला भेटण्याची सवय लागायला हवी. जामीन होऊनही ऐपतदार जामीनदार न मिळाल्यानं माणूस आत राहतो. ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या मजुराला तिथं कोण जामीन राहणार? अशा वेळी महिनाभरात पूर्तता झाली नाही तर अटी सैल करण्याचा विचार कोर्टानं करावा, असं सुप्रीम कोर्टानं 2023 च्या जानेवारीत सांगितलंय. तो अर्ज मात्र वकिलालाच आठवून करावा लागतो.

हे सगळं तालुक्यापर्यंत न्यायचं तर लोक अभिरक्षक कार्यालयातल्या अनुभवी वकिलांनी महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या पॅनेल वकिलांबरोबर चालू केसवर बसावं, आणि त्या दिवसाचं मानधन द्यावं. खर्च फार नाही. इच्छा लागते.

गावकऱ्यांनी काय करावं

मोफत वकिलासाठी तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं किंवा 15100 या हेल्पलाईनवर मागणी करता येते. वकील मिळाल्यावर नातेवाईकांनी चार गोष्टी विचाराव्यात. दोषारोपपत्राची मुदत कधी संपते? जामीन अर्ज कधी देणार? तुम्ही आरोपीला कधी भेटणार? कागदांच्या नकला मिळाल्या का? पॅनेल वकिलाला अशिलाकडून पैसे मागता किंवा घेता येत नाहीत. कुणी मागितले, किंवा वकील तारखेलाच येत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडं लेखी तक्रार करता येते, वकील बदलूनही मागता येतो.

हे प्रश्न विचारायला कुणाची भीती बाळगायचं कारण नाही. चांगल्या वकिलाला त्याचा राग येत नाही, आणि तयारी न करणाऱ्याला निदान कागद उघडावे तरी लागतात.