सुटलेला कुत्रा आणि दयेची मक्तेदारी

पाळलेला कुत्रा दोरी तोडून पळाला आणि आठवड्याने सापडला, तर तो कोणाचा? ज्याचा होता त्याचा, असे कोणीही शहाणा माणूस म्हणेल. परंतु अमेरिकेत गेल्या तीसेक वर्षांत याच साध्या प्रश्नावरून राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांपर्यंत खटले गेले आहेत. त्यांतील प्रतिपक्ष कुत्रेचोर नव्हते की कुत्र्यांचे व्यापारीही नव्हते. भूतदयेने प्रेरित झालेल्या, बहुतांशी स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या बचावसंस्था तेथे उभ्या होत्या. महागाई, बेकारी आणि पाण्याचा दुष्काळ यांतून वेळ काढून या तंट्यांकडे पाहावे असे त्यांत काय आहे, असा प्रश्न एखादा कार्यकर्ता विचारील. दुबळ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणी, कसा आणि कोणाकडून घेतला, हा प्रश्न ज्याला महत्त्वाचा वाटतो त्याने या कुत्र्यांच्या मागे थोडे चालून पाहावे.

प्रथम या संस्थांचे काम समजून घेतले पाहिजे. अमेरिकन नगरपालिकांचे कुत्र्यांसाठी कोंडवाडे असतात. मोकाट सापडलेला कुत्रा तेथे ठराविक दिवस ठेवतात. मुदतीत मालक आला नाही तर तो कुणाला तरी देऊन टाकतात अथवा सुई टोचून मारतात. या मरणाच्या दारातून बचावसंस्था कुत्री बाहेर काढतात, औषधपाणी करतात, लस टोचतात, नसबंदी करतात आणि घर शोधून देतात. हे काम खर्चाचे व कष्टाचे आहे, आणि करणाऱ्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र हे ‘देणे’ साधी विक्री नसते. दत्तक घेणाऱ्याला शुल्क भरावे लागते आणि वर करारनाम्यावर सही करावी लागते. कुत्रा दुसऱ्याला द्यायचा नाही, नको झाला तर संस्थेलाच परत करायचा, हरवला तर तात्काळ कळवायचे, संस्थेला वाटेल तेव्हा घर पाहू द्यायचे, अशी कलमे त्यांत असतात. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. ती कुत्रा कोठे आहे हे सांगत नाही. यंत्र फिरवल्यावर केवळ एक क्रमांक दाखवते, आणि त्या क्रमांकापुढे पुष्कळदा संस्थेचेच नाव नोंदलेले असते.

आता नव्या घरी आलेला कुत्रा पहिल्या काही दिवसांत बुजलेला असतो. दार किलकिले राहिले, फटाका वाजला, पट्टा सैल झाला की तो धूम ठोकतो. कुत्र्यांच्या सहवासात राहिलेल्या कोणालाही हे नवे नाही. तो सापडतो, चिप वाचली जाते, आणि दूरध्वनी जातो तो संस्थेला. संस्था म्हणते, तुम्ही हलगर्जीपणा केलात, करार मोडला, कुत्रा आता परत मिळणार नाही. घरातली मुले रडत असतात, बाप शुल्काची पावती दाखवत असतो. पावती म्हणते की त्याने कुत्रा घेतला. करारनामा म्हणतो की तो कुत्र्याचा केवळ राखणदार आहे. एकाच टेबलावर, एकाच दिवशी सही झालेल्या दोन कागदांतून दोन निराळी नाती निघतात, आणि कोणते खरे हे भांडण होईपर्यंत कोणी सांगत नाही.

२००७ साली दूरचित्रवाणीवरील प्रख्यात सूत्रधार एलेन डीजेनेरस यांनी दत्तक घेतलेला कुत्रा आपल्या केशभूषाकार बाईंच्या घरी दिला, तेव्हा संस्थेने करारावर बोट ठेवून तो त्या घरातून उचलून नेला. चौदा वर्षांखालील मुले असलेल्या घरात कुत्रा द्यायचा नाही, असा त्या संस्थेचा नियम होता. डीजेनेरस आपल्या कार्यक्रमात देशासमोर रडल्या, तरी कुत्रा परत मिळाला नाही. करारनामा आणि क्रमांक एकदा संस्थेच्या हाती राहिला की कोट्यधीश नटीचेही काही चालत नाही. मग हमालाचे किंवा हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाईचे काय चालणार?

दुसऱ्या प्रकारचा तंटा याहून गंभीर आहे. त्यात कुत्रा मूळ मालकाकडून सुटलेला असतो आणि त्या मालकाने कोणत्याही करारावर कधी सही केलेली नसते. व्हर्माँट राज्यात असाच एक कुत्रा सुटला, कोंडवाड्यामार्फत संस्थेकडे गेला. गावाच्या नियमाप्रमाणे जाहीर सूचना लागली होती व मुदत उलटली होती. मूळ मालक पोचले तेव्हा त्यांना दत्तकासाठी अर्ज करण्यास सांगण्यात आले. आपल्याच कुत्र्यासाठी अर्ज! आणि तो अर्ज नामंजूर झाला. १९९९ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने संस्थेची बाजू उचलून धरली. टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात एका कुटुंबाचा जर्मन शेफर्ड निसटला. गळ्यात बिल्ला नाही, अंगात चिप नाही. कोंडवाड्याने त्याला मारण्याच्या यादीत घातले, तेथून एका बचावसंस्थेने त्याला नेले व त्याची नसबंदी केली. कुटुंबाने शोध लावून मागणी केली तेव्हा संस्थेने नकार दिला. कनिष्ठ न्यायालयात कुटुंब जिंकले, अपिलात हरले, आणि २०१६ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. मालकाचा हक्क नष्ट होतो असे शहराच्या नियमांत स्पष्ट लिहिलेले नसेल तर तो नष्ट झाला असे मानता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

एका राज्यात हरणे, दुसऱ्यात जिंकणे, आणि दोन्हीकडे निर्णय नगरपालिकेच्या नियमांच्या शब्दांवर. कुत्र्यावर प्रेम कोणाचे अधिक, याचा तराजू न्यायालयाने हातात घेतला नाही हे बरेच झाले. कारण तो तराजू हाती आला की काय होते, हे २००५ साली न्यू ऑर्लिन्सने पाहिले आहे.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना वादळ किनाऱ्यावर आदळले, बंधारे फुटले आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. ते शहर दोन-तृतीयांश कृष्णवर्णीयांचे होते. चारांतील एकाहून अधिक माणसे दारिद्र्यरेषेखाली होती आणि जवळजवळ चारांतील एका कुटुंबाकडे वाहन नव्हते. ‘शहर सोडा’ हा हुकूम वाहनवाल्यांसाठी होता. उरलेल्यांना बोटी आणि बसगाड्या मिळाल्या, त्याही उशिरा, आणि त्यांत जनावरांना मज्जाव होता. इंद्राच्या रथात कुत्र्याला जागा नसेल तर स्वर्गच नको, असे म्हणणाऱ्या धर्मराजाची कथा कीर्तनांतून सर्वांनी ऐकली आहे. न्यू ऑर्लिन्समधील कित्येक म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तेच उत्तर दिले आणि ते पाण्यातच राहिले. २००६ सालच्या फ्रिट्झ इन्स्टिट्यूटच्या पाहणीत, शहर न सोडणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांनी पाळीव जनावर टाकून जायचे नव्हते हे एक कारण दिले. जे गेले त्यांनी दोन-तीन दिवसांचे अन्नपाणी ठेवून दार ओढून घेतले. पूर्वीची वादळे तेवढ्यात ओसरली होती. सुपरडोम स्टेडियमपाशी बसमध्ये चढणाऱ्या एका लहान मुलाच्या हातून पोलिसाने त्याचा कुत्रा काढून घेतला आणि तो पोर ‘स्नोबॉल, स्नोबॉल’ असा आक्रोश करीत राहिला, ही बातमी देशभर छापली गेली.

पुढे शहर कित्येक आठवडे बंद राहिले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या स्वयंसेवकांनी घाण पाण्यातून फिरून, कुलपे फोडून जनावरे बाहेर काढली आणि घरांच्या भिंतींवर रंगाच्या फवाऱ्याने किती कुत्री, किती मांजरे अशा खुणा केल्या. त्या काळचा अंदाज सुमारे पंधरा हजार जनावरांचा होता. त्यांचे हे शौर्य नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. गोंझालेस गावच्या प्रदर्शनमैदानावरील तबेल्यांत तात्पुरते आश्रयस्थान उभे राहिले. जागा भरली तेव्हा ट्रकांतून, विमानांतून ही कुत्री दूरदूरच्या राज्यांत रवाना झाली. नोंदी अर्धवट होत्या. मालकांना हक्क सांगण्यास दिलेली मुदत काही आठवड्यांची होती. मालक त्या वेळी ह्यूस्टनच्या किंवा अटलांटाच्या छावण्यांत खाटेवर पडून हरवलेली आई, हरवलेली मुले शोधत होते. कुत्र्यांची छायाचित्रे संगणकावरील याद्यांत लावलेली होती. छावणीतल्या माणसाने संगणक कोठून आणावा? बहुतेक जनावरे मूळ घरी परतली नाहीत. ज्या थोड्यांनी महिनोन्‌महिने धडपडून आपला कुत्रा कोठे आहे हे शोधून काढले, त्यांच्यापैकी अनेकांना नकार मिळाला. जेरलिन पेझानोस्की यांचा ‘माइन’ हा २००९ चा अनुबोधपट याच माणसांविषयी आहे.

नकाराची कारणे मुळातून पाहण्यासारखी आहेत. कुत्र्याची नसबंदी झालेली नव्हती. त्याच्या हृदयात कृमी सापडले. त्याला मागे टाकून मालक निघून गेला होता. शेवटचे कारण तर अद्भुत आहे: ज्याला बंदुकीच्या धाकाने बसमध्ये कोंबले त्यानेच कुत्रा ‘टाकला’. आणि हृदयकृमी? तो रोग डासांमुळे होतो, मेक्सिकोच्या आखाताकाठच्या दमट प्रदेशात त्याचा सुळसुळाट असतो आणि तो टाळण्यासाठी वर्षभर विकतचे औषध द्यावे लागते. थंड प्रदेशातील सुखवस्तू वस्तीतून आलेल्या डॉक्टरला तो मालकाच्या निष्काळजीपणाचा पुरावा दिसला. तो पुरावा मिळकतीचा होता. परंतु ‘तुम्ही गरीब आहात’ असे म्हणण्यापेक्षा ‘तुमचे कुत्र्यावर प्रेम नाही’ असे म्हणणे सोयीचे असते, आणि म्हणणाऱ्याच्या मनालाही ते लागत नाही.

‘कुत्र्याचे हित’ हा शब्दप्रयोग या सर्व वादांत येतो. तो ऐकायला उदात्त आहे. पण हित ठरवण्याच्या कसोट्या कोणत्या? स्वतःचे घर, कुंपणाचे अंगण, दिवसभर घरी असणारे कोणीतरी, खासगी डॉक्टरची बिले. या कसोट्यांत कुत्र्याला विचारलेला एकही प्रश्न नाही. सगळे प्रश्न माणसाच्या खिशाला आहेत. कुत्रा सात वर्षे ज्या म्हाताऱ्याच्या खाटेखाली झोपला, त्या म्हाताऱ्याकडे अंगण नाही म्हणून अंगणवाल्या घरात तो अधिक सुखी होईल, हा सिद्धांत कुत्र्यांच्या स्वभावातून निघालेला दिसत नाही. या न्यायाने उद्या गरिबांची मुलेही चांगल्या घरांत वाटता येतील. अतिशयोक्ती वाटेल, पण ऑस्ट्रेलियाने आदिवासींची आणि कॅनडाने मूळ रहिवाशांची मुले घरांतून काढून नेली तीही त्यांच्या हिताचेच नाव घेऊन. मूल आणि कुत्रा एक नव्हेत. ‘आमच्याकडे तो सुखी राहील’ हे वाक्य मात्र दोन्हीकडे तेच आहे.

यावर प्रामाणिक बचावकार्यकर्त्याचा आक्षेप असा की, खरोखरच छळ करणारे मालक असतात. साखळदंडाने बांधून उपाशी ठेवलेला कुत्रा सुटून पळाला तर त्याला पुन्हा त्याच हाती द्यायचे काय? मुळीच नाही. त्यासाठी क्रौर्याविरुद्धचे कायदे आहेत. तक्रार करावी, पुरावा द्यावा, मालकाला उत्तर देण्याची संधी मिळावी, मग न्यायाधीशाने कुत्रा काढून घ्यावा. ज्या संस्थेच्या ताब्यात कुत्रा आहे तिनेच आरोप करायचा, तिनेच निकाल द्यायचा आणि तिनेच कुत्रा ठेवून घ्यायचा, याला न्याय म्हणत नाहीत. दत्तक घेणाऱ्यावरही तोच प्रसंग येतो: करार संस्थेने लिहिला, तो मोडला की नाही हे संस्था ठरवते, दंडही तीच करते.

समाजवाद्याला यात एक अडचण जाणवेल, ती लपवण्याचे कारण नाही. कायद्याच्या दृष्टीने कुत्रा ही जंगम मालमत्ता आहे, खुर्चीसारखी. जिवंत प्राण्याला वस्तू मानणारा हा विचार कोणालाही मानवण्यासारखा नाही, आणि मालकीहक्काचे स्तोत्र गाणे हे तर समाजवाद्याचे काम नव्हेच. तरीही ह्यूस्टनच्या कुटुंबाला कुत्रा मिळाला तो याच हक्काच्या आधारावर. ज्याच्याकडे प्रतिष्ठा, ओळखी, फावला वेळ यांतले काही नाही, त्याच्यासाठी ‘हे माझे आहे’ हा कोरडा कायदेशीर शब्द कधीकधी दयेपेक्षा अधिक कामाचा ठरतो. दयेला माणूस आवडावा लागतो. हक्काला लागत नाही. कुत्र्याला वस्तूहून वरचा दर्जा जरूर द्यावा, पण त्याच्या नावाने बोलण्याचे मुखत्यारपत्र कोणा एका वर्गाच्या हाती जाणार नाही अशा रीतीने.

अमेरिकन काँग्रेसने ऑक्टोबर २००६ मध्ये कायदा करून आपत्तीच्या योजनांत पाळीव जनावरांचा विचार करणे राज्यांवर व नगरांवर घातले. पुन्हा कोणाला कुत्रा आणि जीव यांतून निवड करावी लागू नये हा त्याचा हेतू. तो योग्यच होता. पण पाणी ओसरल्यावर कुत्रा कोणाचा, याविषयी तो कायदा काही बोलत नाही.

मुंबई-पुण्यातही आता दत्तकाचे अर्ज निघाले आहेत, त्यांत घर स्वतःचे की भाड्याचे हा रकाना आहे, आणि घरपाहणीही होते. चाळीत आणि झोपडपट्टीत कुत्र्याला भाकरीचा तुकडा घालणाऱ्यांनी असा अर्ज कधी पाहिलेला नाही. या संस्थांशी वैर धरण्याची गरज नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण त्यांच्यावाचून अडेल. त्यांच्याकडून आणि नगरपालिकांकडून मागायचे ते एवढेच: कुत्रा दिला की नोंद घेणाऱ्याच्या नावावर व्हावी, संस्थेचे नाव दुसरे राहावे. बिल्ला आणि नोंदणी गरिबाला फुकट मिळावी. सापडलेल्या कुत्र्याची सूचना संगणकावर लागेल तशी मराठीत, रेशनच्या दुकानावर आणि वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावरही लागावी, आणि मुदत रोजंदारीवरच्या माणसाला एक सुटी मिळेल इतकी तरी असावी. पुराच्या किंवा आगीच्या वेळी ती मुदत, माणसे छावणीतून घरी परतल्यापासून मोजावी.