शाळा सुटल्यानंतरची खतावणी

अमेरिकेतील शिकागो शहराच्या उत्तरेस, मिशिगन सरोवराच्या काठाने, सुस्थित उपनगरांची एक ओळ लागते. त्यांपैकी विनेटका येथे न्यू ट्रायर हायस्कूल ही शाळा १९०१ पासून चालू आहे. शाळा सार्वजनिक आहे. म्हणजे तिचा खर्च मुख्यतः स्थानिक मालमत्ताकरातून भागतो आणि हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या मुलाला तेथे शिकण्याचा हक्क असतो. इयत्ता नववी ते बारावी एवढे चारच वर्ग, आणि विद्यार्थी चार हजारांच्या आसपास. एका आवारात ते मावत नाहीत, म्हणून नववीची मुले शेजारच्या नॉर्थफील्ड गावातील दुसऱ्या इमारतीत बसतात. ही दुसरी इमारत १९६५ साली स्वतंत्र शाळा म्हणून उघडली, पुढे विद्यार्थीसंख्या घटल्याने ऐंशीच्या दशकात ती शाळा बंद झाली, आणि २००१ पासून नववीसाठी पुन्हा गजबजली. पडती बाजू पाहून वास्तू विकून न टाकण्याचा शहाणपणा व्यापाऱ्यांना निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

चार हजारांच्या गर्दीत एखादे लाजरे मूल हरवून जाणे अगदी सोपे. त्यावर या शाळेने दोन उपाय योजले आहेत. पहिला जुना, १९२०च्या दशकापासूनचा: प्रत्येक मूल एका छोट्या गटात रोज आपल्या सल्लागार शिक्षकाला भेटते, आणि तो शिक्षक मुलाला नावाने, घरासकट ओळखतो. दुसरा उपाय शाळा सुटल्यावर सुरू होतो. वादविवाद, बुद्धिबळ, यंत्रमानव, नाटक, वाद्यवृंद, पोहणे, वल्हवण्याच्या शर्यती, विद्यार्थ्यांचे वर्तमानपत्र, विद्यार्थ्यांनीच चालवलेले ८८.१ मेगाहर्ट्झवरील रेडिओ केंद्र; क्लबांची संख्या शंभराच्या वर जाते. अशा एखाद्या क्लबात वीस-पंचवीस मुलांत बसणारा मुलगा चार हजारांतला एक राहत नाही.

भारतातून नातवंडांना भेटायला जाणाऱ्या आजी-आजोबांना हे सारे प्रथम खेळखंडोबा वाटते. पाच वाजले तरी मुलगा घरी का नाही, आणि अभ्यास केव्हा करणार, हा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे, पण त्या मुलाच्या हातात त्या वेळी काय असते, ते पाहिले पाहिजे. पुष्कळदा त्याच्या हातात दुसऱ्यांचे पैसे असतात.

अमेरिकेतील सार्वजनिक शाळांत बहुतेक क्लबांना अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार असतो, आणि खजिनदार सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी असतो. समजा, यंत्रमानव क्लबला सहाशे डॉलरचे सुटे भाग हवे आहेत. खजिनदार दुकानात जाऊन ते परस्पर घेऊ शकत नाही. आधी सभा भरते, खर्चाचा ठराव होतो, चिटणीस इतिवृत्तात तो लिहितो, जबाबदार शिक्षक सही करतो, आणि मग शाळेचे वित्त कार्यालय बिल पाहून धनादेश काढते. जमेची बाजूही अशीच बांधलेली. केक विकून आलेली रोकड दोघांनी मोजायची, पावती करायची आणि विनाविलंब कार्यालयात भरायची. ती रात्री कोणाच्या दप्तरात राहता कामा नये. बँकेतील खाते बहुधा सर्व क्लबांचे मिळून एकच असते, परंतु खतावणीत प्रत्येक क्लबाचे पान वेगळे. बुद्धिबळवाल्यांच्या शिल्लकेतून नाटकवाल्यांचा तुटवडा भरता येत नाही. बारीक नियम राज्यागणिक बदलतात, पण सांगाडा हाच. वर्षअखेरीस लेखापरीक्षण होते, आणि मे-जूनमध्ये बारावीचा खजिनदार निघून जाताना शिल्लक पुढच्याच्या हवाली करतो. पेढीवर बसवलेल्या नव्या मुलाला रोजमेळ लिहायला लावण्याची जी जुनी रीत, तिचाच हा परदेशी अवतार म्हणता येईल. फरक इतकाच की पेढीवर तो वडिलांचा पैसा सांभाळतो, आणि येथे सोबत्यांचा.

हा पैसा नेमका कोणाचा, हा प्रश्न मोठ्या माणसांनाही सुटला नव्हता. मुलांनी जमवला म्हणजे तो मुलांचा, की शाळेच्या खात्यात आहे म्हणून शाळेचा? अमेरिकेच्या शासकीय लेखामानक मंडळाने २०१७ साली ८४ क्रमांकाचे मानक काढून त्याची कसोटी घालून दिली. खर्च कशावर करायचा हे शाळेचे प्रशासन ठरवत असेल, तर ती रक्कम शाळेच्या स्वतःच्या हिशेबात धरायची. निर्णय खरोखर विद्यार्थ्यांच्या हाती असेल आणि शाळा केवळ सांभाळत असेल, तरच ती विश्वस्त निधी म्हणून निराळी दाखवायची. सभेचे इतिवृत्त, जे मुलांना कंटाळवाणे वाटते, तेच येथे पुरावा ठरते. अनेक शाळांना यानंतर एकेक क्लबाचे पान उघडून नव्याने तपासावे लागले.

पालकांची देणगी मंडळे हा निराळा विषय. त्यांना तेथे बूस्टर क्लब म्हणतात, आणि बहुधा ती शाळेपासून स्वतंत्र, करमाफ संस्था म्हणून नोंदलेली असतात. त्यांपैकी काहींनी एक व्यापारी डोक्याची योजना काढली: ज्या आईबापांनी जितका माल विकून निधी आणला, तितकी रक्कम त्यांच्याच मुलाच्या फीमधून वजा. वरवर पाहता यात अन्याय दिसत नाही. राबेल त्याला फळ. पण व्हर्जिनियातील व्यायामपटू मुलांच्या पालकांच्या अशाच एका मंडळाची करमाफी कर खात्याने काढून घेतली, आणि २०१३ साली कर न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. करमाफ निधी सामाईक असला पाहिजे. तो ज्याच्या त्याच्या खिशात परत जात असेल तर ती संस्था परोपकारी उरत नाही, असा त्याचा आशय. हे मंडळ शाळेचे नव्हते, तरी शाळांच्या बूस्टर क्लबांनाही तो इशारा लागू पडला. धर्मादाय न्यासाच्या विश्वस्तपदी बसलेल्या कोणालाही हा निकाल परका वाटणार नाही.

निधी सामाईक असला, तरी क्लबात येण्याचीच फी परवडत नसेल तर? याचे उत्तर राज्याराज्यांत वेगळे आहे. कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरा येथील शाळा मंडळाने १९८० साली अंदाजपत्रकात अकरा लाख डॉलरची कपात केली आणि ती भरून काढण्यासाठी खेळाच्या प्रत्येक संघाला, तसेच नाटक, गायन, वादन अशा प्रत्येक गटाला विद्यार्थ्यामागे २५ डॉलर फी लावली. गरजू मुलांना माफी ठेवली होती. तरीही १९८४ साली ‘हार्टझेल विरुद्ध कॉनेल’ या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही फी रद्द केली. हे उपक्रम शिक्षणाचाच भाग आहेत, राज्यघटनेने शिक्षण मोफत ठेवले आहे, आणि मोफत म्हणजे सर्वांना मोफत. गरिबी सिद्ध करून मिळवलेली माफी म्हणजे मोफत नव्हे, हे त्या निकालाचे सार. निकाल झाला तरी शाळा फी घेतच राहिल्या, आणि अखेर राज्याला २०१२ साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. इलिनॉयमध्ये मात्र उपक्रमांची फी घेता येते. न परवडणाऱ्या कुटुंबाने अर्ज केल्यास ती माफ करणे शाळेला बंधनकारक आहे. दोहोंत कॅलिफोर्नियाची भूमिका अधिक सरळ आहे, कारण पंधरा वर्षांचे मूल अर्ज भरण्यापेक्षा ‘मला आवड नाही’ असे सांगून मोकळे होते.

फीच्याही अलीकडे आणखी एक दार आहे, ते हद्दीचे. २ सप्टेंबर २००८ रोजी शिकागोच्या शाळा उन्हाळ्याच्या सुटीनंतर उघडल्या, त्याच दिवशी शहरातील हजाराहून अधिक मुलांनी शाळेवर बहिष्कार टाकला. राज्याचे सिनेटर जेम्स मीक्स यांच्या नेतृत्वाखाली बसगाड्यांतून ती न्यू ट्रायरच्या नॉर्थफील्ड आवारात पोहोचली आणि तेथे प्रवेशाचे अर्ज भरून दिले. प्रवेश मिळणार नाही हे सर्वांनाच ठाऊक होते. हद्दीबाहेरच्यांना तो मिळत नाही. त्या वेळी शिकागोत एका विद्यार्थ्यामागे वर्षाला सुमारे दहा हजार डॉलर खर्च होत होते, न्यू ट्रायरमध्ये सुमारे सतरा हजार. कारण उघड होते. मालमत्ताकरावर चालणारी शाळा ही भोवतीच्या घरांच्या किमतीइतकीच श्रीमंत असते. मोर्चा शांततेत झाला, मुले बसने परत गेली, आणि दोनच दिवसांत बहिष्कार मागे घेतला गेला.

निधीवाटपाचे सूत्र बदलायला मात्र पुढे नऊ वर्षे लागली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी इलिनॉयच्या नव्या कायद्यावर सही झाली. राज्याकडून येणारी वाढीव रक्कम आता सर्वाधिक तुटीच्या शाळांना आधी मिळते. जुन्या अनुदानाला हात लावलेला नाही, त्यामुळे श्रीमंत शाळांचे काही गेले नाही. आणि मालमत्ताकराचा पायाही जसाच्या तसा आहे. ताळेबंद एका रात्रीत जुळत नाही, हे खरे. परंतु वाढ वर्षागणिक थोडी थोडी होते, आणि शाळेचे वर्ग चारच असतात. २००८ साली त्या बसमध्ये बसलेला नववीचा विद्यार्थी, कायद्यावर सही झाली त्या दिवशी तेवीस वर्षांच्या आसपासचा होता.