एर्डएप्फल की कार्टोफल?

जर्मन शिकणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्याला ऑस्ट्रियाला निघताना पुष्कळदा एक प्रेमळ इशारा मिळतो : तिथे हिंडावे, खावे-प्यावे, भाषेचा सराव मात्र जर्मनीत करावा, व्हिएन्नाचे जर्मन कानाला गोड, पण 'प्रमाण' नव्हे. या इशाऱ्यात खाणे आणि शिकणे यांची जी फारकत गृहीत धरली आहे, तीच आम्हांला अमान्य आहे. ऑस्ट्रियात भाषेकडे जाणारी वाट खानावळीतून जाते, असे आमचे मत आहे.

व्हिएन्नातल्या साध्या खानावळीला 'बाइझल' म्हणतात. तिथली पदार्थांची यादी हाती आली की पाठ्यपुस्तकी शब्दसंग्रह हतबल होतो. बटाटा तिथे 'कार्टोफल' नसून 'एर्डएप्फल', म्हणजे मातीतले सफरचंद, टोमॅटो 'पाराडायझर', थेट स्वर्गाशी नाते सांगणारा, जर्दाळू 'मारिल्ले'. बटाट्याचे सालाटही निराळे. व्हिएन्नाच्या पद्धतीत मेयोनेझ नसते. उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या गरम असतानाच रस्सा, व्हिनेगर, तेल, मोहरी आणि कांदा यांत मुरवतात. रस्सा बहुधा गोमांसाचा असतो, तेव्हा शाकाहारी मंडळींनी आधी चौकशी करावी. (व्याकरणाच्या तासाला घोकलेला कोन्युंक्टिव येथे पोटासाठी कामी येतो!) आणि चव आवडल्यास 'लेकर' म्हणू नये. तो शब्द अनेक ऑस्ट्रियनांच्या कानाला अजून जर्मनीचा वाटतो.

या शब्दांत एक आख्खे साम्राज्य शिल्लक आहे. मांसाबरोबर किसून देतात तो झणझणीत मुळा, 'क्रेन', स्लाव्ह भाषांतून आला. आलुबुखारांचा आटवलेला 'पोविडल' चेक, पातळ धिरड्यासारखे 'पालाचिंकेन' हंगेरियन, 'मेलान्त्सानी' हे वांगे आणि 'कार्फिओल' हा फ्लॉवर इटालियन. हाब्सबुर्गांचे राज्य १९१८ साली कोसळले, पण स्वयंपाकघरातली त्याची प्रजा पांगली नाही. आपला 'बटाटा' आणि 'पाव' पोर्तुगिजांकडून आले म्हणून मराठीला कोणी अप्रमाण म्हणत नाही. मग व्हिएन्नालाच हा न्याय का नाकारावा?

ऑस्ट्रियनांना स्वतःला हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा वाटला, हे १९९४ साली दिसले. युरोपीय संघात जावे की नाही यावर त्या वर्षी जूनमध्ये सार्वमत झाले. संघात गेल्यावरही एर्डएप्फलसालाट हा एर्डएप्फलसालाटच राहील, असे आश्वासन त्या प्रचारात देण्यात आले. सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी होकार दिला. १ जानेवारी १९९५ रोजी ऑस्ट्रिया सदस्य झाला, आणि प्रवेशाच्या करारातील दहाव्या प्रोटोकॉलने २३ ऑस्ट्रियन शब्दांना जर्मनीतल्या समानार्थी शब्दांइतकाच कायदेशीर दर्जा दिला. तेवीसच्या तेवीस शब्द खाद्यवस्तूंचे!

या यादीचे कौतुक करताना आम्ही थोडे अडखळतो. ती कायद्यातल्या आणि व्यापारातल्या नावांची यादी आहे, बोलीची नव्हे. दुपारच्या खाण्याला 'याउझे' म्हणतात तो लाघवी शब्द तीत नाही, पालाचिंकेनही नाही. शिवाय तीतले काही शब्द प्रामुख्याने पूर्व ऑस्ट्रियाचे. 'पाराडायझर' पश्चिमेकडे फारसा चालत नाही, तिथे 'टोमाटे'च ऐकू येतो. म्हणजे बर्लिनच्या प्रमाणाला उत्तर म्हणून व्हिएन्नाचे प्रमाण उभे राहिले. आमच्या विद्यार्थ्याने ही यादी पाठ करून समाधान मानू नये ते यासाठीच.

साहित्याच्या विद्यार्थ्याला याचा थेट उपयोग आहे. टोमास बेर्नहार्डच्या 'होल्त्सफेलन' (१९८४) या कादंबरीत व्हिएन्नातले एक कलाप्रेमी दांपत्य बुर्गथिएटरच्या नटाच्या सन्मानार्थ रात्रीचे जेवण ठेवते. नट मध्यरात्र उलटून गेली तरी येत नाही, पाहुणे ताटकळतात, आणि खुर्चीत बसलेला निवेदक साऱ्यांचा मनोमन समाचार घेत राहतो. अखेर पानात येतो तो 'फोगोश' नावाचा मासा. जर्मनीत त्याला 'त्सांडर' म्हणतील. 'फोगोश' हे हंगेरियनमधून आलेले ऑस्ट्रियन नाव. मराठी अनुवादकाने तिथे नुसता 'मासा' लिहिला तर कथानक कुठेच अडणार नाही. पण त्या यजमानांचा डामडौल, त्या शहराचे जुने वैभव मिरवण्याची सवय आणि बेर्नहार्डचा उपरोध, हे सारे त्या एका शब्दावर तोललेले आहे, आणि तो शब्द ज्याने व्हिएन्नात कधीतरी ताटात पाहिला आहे त्याला तो गाळण्याचा धीर होणार नाही.