सर्व्हर दोन, डिस्क एक

क्लस्टरमध्ये एक सर्व्हर पडला तर दुसरा काम उचलतो, एवढं सांगून आपण धडा संपवतो. पण दोघांची डिस्क एकच असेल तर? ती भरली की दोन्ही सर्व्हर चालू असूनही मुलांचे गुण नोंदवता येत नाहीत.

धुळ्याची, पांझरेवरची फड पद्धत आठवा. पाणी सगळ्यांचं, पण कुठल्या फडात कधी सोडायचं ते बघायला पाटकरी असतो. डिस्कलाही पाटकरी हवाच! जागा किती उरली, लिहायला वेळ किती लागतोय हे बघायचंच. पण माझ्या मते त्याआधी बघायचं, की आत्ता लिहितंय कोण? सर्व्हरांमधला संपर्क तुटला की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बंद पडला. मग दोघंही लिहू लागतात अन् नोंदींचा विचका होतो. अशा वेळी एकाला सरळ बंद करावं. काम घटकाभर अडलं तरी चालेल.