आधी ओल, मग औषध

पावसाळा लागला की पालक विचारतात, कसरीवर कोणते औषध मारावे? आमचे मत थोडे वेगळे आहे. कसर, झुरळे, वाळवी ही सारी ओलीच्या मागे घरात येतात. कसरीला दमट हवा मानवते आणि पुस्तकांच्या बांधणीतली खळ आवडते. ओल कायम राहिली तर औषधाचा उपयोग चार दिवस. इंदूरच्या काही मराठी घरांत होळकरकाळातील मोडी कागद अजून पेटीत आहेत. ते एकदा कुरतडले गेले की पुन्हा मिळायचे नाहीत. म्हणून गळका नळ दुरुस्त करावा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घ्यावे, उघडीप मिळताच खिडक्या उघडाव्यात. भंवरकुआंतील भाड्याच्या खोलीतही एवढे जमते. विद्यार्थ्यांनो, एखाद्या कोरड्या रविवारी आजोबांना विचारून ती पेटी उघडा. कागद मात्र उन्हात नको, सावलीत वाऱ्यावर ठेवा.