फोर व्हील ड्राइव्ह काढावा काय?

व्यापारी माणूस गाडीकडे शौक म्हणून पाहत नाही. गाडी किती माल वाहते आणि किती डिझेल खाते, एवढाच त्याचा हिशेब. म्हणूनच आमच्या भंडारा जिल्ह्यात कोणी जुनी जीप, पिकअप किंवा लष्करी लिलावातून आलेला ट्रक बाळगून असेल तर त्याच्या मनात एक विचार हमखास येतो. पुढच्या चाकांचा ड्राइव्ह काढून टाकावा, गाडी फक्त मागच्या चाकांवर चालवावी, म्हणजे डिझेल वाचेल आणि दुरुस्तीचा त्रास जाईल. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी या विचाराकडे जरा बारकाईने पाहावे, असे आम्हास वाटते.

अशा गाड्या आमच्याकडे नव्या नाहीत. शेजारच्या जबलपूरच्या सरकारी कारखान्यांत जर्मन मॅन कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक बनत, निसानच्या परवान्यावर एक टनी ट्रक व जोंगा बनत. सैन्याने काढून टाकल्यावर ही वाहने लिलावात येत आणि पुढे लाकूड, बांबू, विटा वाहत. जीपचे म्हणाल तर विलिस जीप भारतात जोडणाऱ्या महिंद्र कंपनीचे 1945 साली स्थापनेच्या वेळचे नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’ होते. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि 1948 साली कंपनीचे नाव बदलले.

आता मूळ मुद्दा. बहुतेक जुन्या जीपमध्ये पुढचा ड्राइव्ह कायम लागलेला नसतो. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. तिचा दांडा ओढला तरच पुढच्या शाफ्टला जोर मिळतो, एरवी गाडी मागच्या चाकांवरच चालते. मग डिझेल कोठे जाते? जोर नसला तरी पुढची चाके आपल्याबरोबर आतले हाफ शाफ्ट, डिफरन्शियल आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट फुकट फिरवीत राहतात. हा फुकटचा फेरा बंद करण्यासाठी फ्री व्हीलिंग हब मिळतात. हब सैल केला की चाक तेवढे फिरते, आतले सामान उभे राहते. ज्या गाडीला असे हब आहेत तिचा ड्राइव्ह काढून फक्त वजन कमी होते, डिझेलची बचत नावालाच. आणि हब नसताना नुसता प्रॉपेलर शाफ्ट उतरवला तर डिफरन्शियल व हाफ शाफ्ट फिरतच राहतात.

हिशेब मांडून पाहू. समजा, गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालते व लिटरला दहा किलोमीटर देते, म्हणजे शंभर लिटर डिझेल. बचत शेकडा पाच धरली तरी पाच लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तर महिन्याला पाचशे रुपये. पुढचा अ‍ॅक्सल बदलून साधा बसवण्यास पंधरा हजार खर्च आला असे धरले, तर तो फिटायला अडीच वर्षे लागतील. हे आकडे आम्ही समजण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या गाडीचे आकडे घालावे आणि मगच गॅरेजची वाट धरावी.

धंद्याप्रमाणे निर्णय वेगळा होईल, हेही मान्य. आंधळगावच्या कोशाचे थान घेऊन नागपूरला जाणारा किंवा राष्ट्रीय महामार्ग 53 वरून लाखनी, साकोलीच्या बाजारी कापड नेणारा व्यापारी सारा वेळ डांबरी रस्त्यावर असतो. त्याला पुढच्या ड्राइव्हचा उपयोग क्वचितच. पण हा जिल्हा तलावांचा आणि धानाचा आहे. पावसाळ्यात बांधालगतची वाट कशी होते ते येथील माणसाला सांगायला नको. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा महापूर आला होता, तोही आम्ही विसरलेलो नाही. जंगलातून बांबू किंवा शेतातून धान काढणाऱ्याने हा जोर गमावला तर एका फसलेल्या खेपेला ट्रॅक्टर बोलावण्यातच वर्षाची बचत जाईल.

दुरुस्तीच्या तक्रारीचे मूळही पुष्कळदा वापरण्याच्या पद्धतीत असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून वळण घेतले की पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. त्यांना घसरायला जागा मिळत नाही आणि तो ताण क्रॉस, शाफ्ट व टायरांवर पडतो. चारही टायर एका मापाचे नसले तर तोच परिणाम. दोष चालवण्याचा आणि शिक्षा अ‍ॅक्सलला, असा हा प्रकार आहे.

काढण्यातही धोके आहेत. ज्या गाडीत चारही चाकांना कायम जोर असतो व मध्ये तिसरे डिफरन्शियल असते, तिचा पुढचा शाफ्ट काढला तर ते मधले डिफरन्शियल लॉक केल्याशिवाय गाडी जागची हलणार नाही, कारण सारा जोर मोकळ्या टोकाकडे जाईल. तसेच लो गिअरमध्ये वाढलेला जोर चारही चाकांत वाटला जावा, अशी मूळ रचना असते. तो सारा एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर टाकला तर भरलेल्या गाडीचे हाफ शाफ्ट किंवा क्राऊन-पिनियन तुटण्याची भीती असते.

कायद्याची बाजू तर फारच महत्त्वाची. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीचा तपशील जुळणार नाही, असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शाफ्ट उतरवून ठेवणे वेगळे आणि अ‍ॅक्सल बदलणे किंवा चासीला कटर लावणे वेगळे. म्हणून आधी आरटीओ कार्यालयात लेखी विचारावे, विमा कंपनीस कळवावे. न कळवता केलेल्या बदलामुळे अपघातानंतर दावा अडला तर दुकानाचे भांडवल बुडेल.

आता दोन शब्द आमच्या गॅरेजवाल्या, वेल्डिंगवाल्या व लेथवाल्या बांधवांसाठी. ग्राहक म्हणाला म्हणून कटर चालवू नका. काय काढले ते बिलावर लिहा. काढलेला शाफ्ट, हब, क्राऊन-पिनियन ही ग्राहकाची अमानत आहे. त्याला न विचारता ती भंगारात घालणे हलाल कमाईत बसत नाही.

आणि विकताना? फोर व्हीलचा दांडा जागेवर ठेवून, आतून रिकामी गाडी पूर्ण किमतीला विकणे ही उघड फसवणूक आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओला माल वर का ठेवला नाही, असे त्यांनी व्यापाऱ्यास विचारले. धानाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आम्हास याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. गाडीतील ऐबही ढिगाच्या वर ठेवला पाहिजे.

आमचे मत असे. डांबरी रस्त्याचा धंदा असेल तर हब बसवा आणि सैल ठेवा. जे पुन्हा बसवता येईल तेच उतरवा, आणि तेही लेखी विचारूनच. कापू मात्र काही नका. आम्ही कापडवाले आहोत. एकदा कात्री चालली की थान पुन्हा अखंड होत नाही, हे आम्ही रोज पाहतो. अल्लाह आमच्या व्यवहारात सचोटी आणि बरकत देवो.