सायकल बांधावी की घ्यावी?

गेले दोन महिने आमच्या घरी एक वाद चालू होता, आणि तो कोणत्याही रागाच्या वादी-संवादीवरून नव्हता. कामावर जाण्यायेण्यासाठी नवी सायकल विकत घ्यावी, की वडिलांच्या जुन्या सायकलीच्या सांगाड्यावर नवे भाग चढवून ती बांधून घ्यावी, एवढाच प्रश्न. वाद आता मिटला आहे. पण या काळात ज्यांनी ज्यांनी मला सल्ला दिला त्यांची संख्या पाहता हा प्रश्न माझ्या एकट्याचा नसावा, म्हणून लिहितो.

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी कारेलीबागेत शिरले तेव्हा आमच्या जिन्याखाली दोन वाहने होती, माझी स्कूटर आणि वडिलांची सायकल. (मगर आमच्याकडे आली नाही, शेजारच्या गल्लीत आली असे शपथेवर सांगणारे मात्र पुष्कळ भेटले.) पाणी ओसरल्यावर स्कूटरच्या इंजिनात गाळ निघाला. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी ती भंगारात दिली आणि रिक्षांवर दिवस काढू लागलो. गवयाच्या मिळकतीला रिक्षा फार दिवस झेपत नाही. माझा रोजचा फेरा बारा किलोमीटरांचा. सकाळी सूरसागराजवळ वर्ग, दुपारनंतर अलकापुरीत दोन शिकवण्या. बडोदे सपाट गाव, चढ म्हणून काय तो पुलांचा. येथे चाळिशी उलटलेल्या माणसालाही सायकल जड जाऊ नये.

वडिलांच्या सायकलीविषयी थोडे सांगितले पाहिजे. ते बडोदे दरबारच्या गवयांत अगदी शेवटी शेवटी लागलेले. वय अठरा-एकोणीस, काम मोठ्या गवयांच्या मागे तंबोरा धरून बसण्याचे. 1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्यांच्यासारख्या धाकट्यांचा पगार लवकरच थांबला. दरबारी गवयाला ठरल्या वेळी वाड्यावर गेले की झाले; शिकवण्या करणाऱ्याला गावभर हिंडावे लागते. आजीची एक पाटली मोडून त्यांनी जुनी विलायती सायकल घेतली, आणि पुढे पस्तीस-छत्तीस वर्षे रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा, फत्तेगंज असे दिवसाला पाच-पाच घरी जाऊन मुलामुलींना सरगम शिकवली. बडोद्याच्या संगीताविषयी लिहिताना मौलाबक्षांची 1886 ची गायनशाळा येते, फैयाज खाँसाहेब येतात, आणि ते योग्यच आहे. पण दरबार उठल्यावर गाणे साध्या घरांच्या माजघरात पोचले ते पुष्कळसे सायकलीवरून, हे कोणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. पुढच्या दांडीवर बसून त्यांच्याबरोबर शिकवणीला गेल्याचे मला चांगले आठवते.

तेव्हा ती सायकल बांधून घ्यावी असे काकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांचे मत पडले, आणि खरे सांगायचे तर माझेही. आपल्या जुन्या बडोदेकर घरांत वस्तू टाकणे म्हणजे पाप. तुटकी अडकित्तीसुद्धा आपण फडक्यात बांधून ठेवतो.

न्यायमंदिराच्या मागे बसणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रीला मी सांगाडा दाखवला. त्याने तो उलटा केला, सीटखालच्या सांध्यावर पान्याने टकटक केली आणि मान हलवली. सांध्याला बारीक चीर होती. पितळेचा डाग देता येईल, म्हणाला, पण त्यावर बसून गर्दीतून जायचे तर मी हमी देणार नाही. दुसरी अडचण पायडलच्या आसाची. पुराच्या गाळाने जुन्या कपांना खड्डे पडलेले, आणि आटे मोजले तर इंचाला 26. इंग्लंडात रॅले कारखान्याने आपल्या सायकलींना वर्षानुवर्षे हेच माप ठेवले होते. इतरांचे माप 24, आणि आमच्या बाजारात मिळतात ते कपही 24 चेच. तरी मी हट्टाने यादी केली. रिमा, तारा, टायर-ट्यूब, साखळी, फ्रीव्हील, ब्रेक, सीट, मडगार्ड, कॅरिअर, आणि मजुरी. बेरीज झाली सहा हजार दोनशे. दुकानातली नवी काळी सायकल सहा हजार आठशेला होती. सांगाडा घरचा असूनही वाचत होते ते सहाशे रुपये! याचे कारण उघड आहे. कारखाना एका वेळी हजारो रिमा घेतो, मी घेणार दोन.

आणि यादी कागदावर राहते तोवरच सरळ असते. पावसात लोखंडी रिमेवर ब्रेक नीट धरत नाहीत, म्हणून मला ॲल्युमिनियमच्या रिमा हव्या होत्या. पण जुन्या सायकलींच्या दांड्यांच्या ब्रेकचे रबर रिमेच्या आतल्या अंगाला लागते, आणि तारेच्या ब्रेकला रिमेच्या दोन्ही बाजू सपाट लागतात. म्हणजे रिम बदलली की ब्रेक बदलला. त्या मापाची रिम मला मिळाली नाही. दुसऱ्या मापाची घ्यावी तर टायर बदलतो, ब्रेकची जागा चुकते. एक सूर हलवला की सगळा तंबोरा पुन्हा लावायचा, त्यातला प्रकार.

माझे मत असे, की ज्याला सायकल केवळ पोचण्यासाठी हवी आहे त्याने ती विकत घ्यावी. बांधणी त्याने करावी, ज्याचा सांगाडा निर्दोष आहे, ज्याच्या हाताला पाने ओळखीचे आहेत आणि ज्याला सोमवारी सकाळी कोठे जायचे नाही. माझा एक शिष्य अभियांत्रिकी शिकतो. त्याने सुटे भाग मागवून सुरेख सायकल बांधली. तीन महिने लागले. या तीन महिन्यांत तो क्लासला बसने येत होता, हे तो हिशेबात धरत नाही.

मात्र विकत घ्यावी ती साधी. स्प्रिंगचा चिमटा आणि अठरा गिअर असे स्वस्तात मिळते तेव्हा ती स्वस्ताई कोठेतरी आत लपलेली असते. काळ्या सायकलीला पुढे 44 दाते, मागे 18. पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. वजन वीस किलोच्या घरात, हे कबूल. पण बिघडली तर कोणत्याही नाक्यावर दुरुस्त होते.

आणि नवी सायकल तयार असते हा समज सोडावा. या सायकली अजूनही बऱ्याच ठिकाणी सुट्या भागांत दुकानात येतात व तेथेच घाईने जोडल्या जातात. मी घेतली ती तशीच मिस्त्रीकडे नेली आणि चारशे रुपये देऊन ‘ओव्हरऑइल’ करवली. (हा शब्द इंग्रजांनी तसा दिलेला नाही, पण आपल्याकडे तोच चालतो.) छऱ्यांना ग्रीस नावापुरते होते. चाकांचा आउट काढताना तो एकेक तार बोटाने छेडून ऐकत होता. पुढे 32 तारा, मागे 40. एका बाजूच्या तारा एका सुरात बोलल्या पाहिजेत. मागच्या चाकात फ्रीव्हीलकडच्या अधिक ताणलेल्या, म्हणून चढ्या. मी शेजारी बसलो होतो. तिसरी तार उतरली आहे असे मी म्हणालो तेव्हा त्याने वर पाहिले, आणि पुढचा अर्धा तास तो पाना फिरवी, मी सूर सांगे. चारशे रुपयांत इतका आनंद मला अलीकडे कोणत्या मैफिलीत मिळालेला नाही.

वडिलांचा सांगाडा मी मिस्त्रीला दिला. काका अजून बोलत नाहीत. आईने फक्त घंटी मागून घेतली. पुरातून निघूनही ती वाजते. दोन दिवस देवघराच्या फळीवर ठेवून तिसऱ्या दिवशी तिने ती माझ्या हातात दिली आणि नव्या हँडलवर बसवायला सांगितले. नव्या तारा महिन्याभरात थोड्या सैल पडतात, पुन्हा ओढून घ्याव्या लागतात, असे मिस्त्रीने बजावले आहे. येत्या रविवारी महिना होतो.